२४ सप्टेंबरच्या पानावर काय ठेवावं, काय गाळावं?

फलकलेखन
वाचनालयासाठी ३६६ पानांची दिनविशेष-वही तयार होते आहे. रोजचं पान दर्शनी फलकावर लागेल आणि तेच परिपाठासाठी शाळांना जाईल. कागद ए-फोर, टाइप लांबून वाचता येईल एवढा. त्यामुळे घटनांना आठ ओळी, जन्म आणि मृत्यूला प्रत्येकी चार आणि तळाशी 'आजचा दिन' म्हणून एक ओळ, एवढीच जागा आहे. २४ सप्टेंबरला नुसत्या घटनाच वीसच्या वर जमल्यात. अडलेल्या या:

१६७४ शिवाजी महाराजांचा दुसरा (तांत्रिक, म्हणजे तंत्रमार्गाच्या विधीने झालेला) राज्याभिषेक
१७८९ अमेरिकेत न्यायव्यवस्थेचा कायदा
१८५२ आँरी जिफारचं वाफेच्या इंजिनावरचं हवाई जहाज
१८७३ सत्यशोधक समाज
१९०६ डेव्हिल्स टॉवर अमेरिकेचं पहिलं राष्ट्रीय स्मारक
१९३२ पुणे करार
१९६९ राष्ट्रीय सेवा योजना
१९७३ गिनी-बिसाऊचं स्वातंत्र्य
२००२ अक्षरधाम हल्ला
२००७ टी-ट्वेंटी विश्वचषक
२०१४ मंगळयान मंगळाच्या कक्षेत

मृत्यूंमध्ये नानासाहेब पेशवे (दुसरे), १८५९, असंही आलंय. निवडीचा निकष काय लावावा? आणि १६७४ ची तारीख जुन्या कॅलेंडरची समजायची की आजच्या?

मुद्रितशोधन
आधी तारीख तपासा, महत्त्वाचं नंतर बघा. उलट केलं की काय होतं, तर घटना मोठी आहे म्हणून ओळ पानावर चढते आणि तारीख कच्ची निघाली तरी ती उतरवायला कोणी धजत नाही. दिवस नक्की ठरत नसेल, नुसता महिना किंवा वर्षच माहीत असेल, तर ती गोष्ट कितीही मोठी असो, तारखेच्या पानावर तिला जागा नाही.

त्यानंतर माझा एकच प्रश्न असतो: ही घटना घडली नसती तर पुढचं काय बदललं असतं, हे एका वाक्यात सांगता येतं का? सत्यशोधक समाजाबद्दल येतं. पुणे कराराबद्दल येतं. डेव्हिल्स टॉवरबद्दल अमेरिकेतल्या वाचकाला येईल, आपल्या फलकापुढे उभ्या असलेल्या सातवीच्या मुलाला येणार नाही. १७८९ चा कायदाही तसाच. तो तिथे मोठाच आहे, पण इंग्रजी यादीतून उचलला म्हणून आपल्याकडे आला, एवढंच त्याचं इथलं कारण. हे दोन्ही काढा. जिफारचं राहू द्या. इंजिनाच्या जोरावर आणि दिशा देत माणूस पहिल्यांदा उडाला तो हा दिवस, पॅरिसहून सुमारे २७ किलोमीटर. ते कुठल्याही देशाच्या मुलाला कळतं.

दुसरी गोष्ट, एक हकिकत एकाच पानावर. पुणे कराराच्या चार तारखा फिरतात: १६ ऑगस्ट १९३२ ला जातीय निवाडा (दलित वर्गांना स्वतंत्र मतदारसंघ देणारा ब्रिटिश सरकारचा निर्णय), २० सप्टेंबरला येरवड्यात गांधीजींचं उपोषण सुरू, २४ ला सह्या, २६ ला उपोषण सुटलं. चारही पानांवर ओळ टाकलीत तर चार जागा गेल्या आणि वाचकाला एकाही ठिकाणी पूर्ण गोष्ट मिळाली नाही. निर्णय ज्या दिवशी पक्का झाला तो दिवस धरा, म्हणजे २४. बाकीचं त्याच ओळीत बसवा.

या ओळीचे शब्दही जपून घ्या. 'गांधी-आंबेडकर करार' असं सर्रास छापतात, पण करारावर गांधीजींची सही नाही. सवर्ण हिंदूंच्या बाजूने मदनमोहन मालवीयांची आहे, दलित वर्गांच्या बाजूने डॉ. आंबेडकरांची. आणि नुसतं 'करार झाला' लिहून भागत नाही. स्वतंत्र मतदारसंघ गेले, संयुक्त आले, आणि प्रांतिक विधिमंडळांतल्या राखीव जागा निवाड्यातल्या ७१ वरून १४८ झाल्या, हे आलं पाहिजे. आकडा आला की मूल परिपाठात 'म्हणजे काय?' असं विचारतं. मला तेच हवंय.

राष्ट्रीय सेवा योजनेची घटनेतली ओळ काढून तळाला 'आजचा दिन' मध्ये न्या. महाविद्यालयांत तो दिवस खरोखर पाळला जातो. 'अमुक दिन' म्हणून रोज पाच-सात नावं येत असतील. त्यांतलं प्रत्येक कोणी जाहीर केलं ते विचारा: संयुक्त राष्ट्रं, केंद्र, राज्य, की एखादी कंपनी? शेवटचं उत्तर आलं की खोडा. नावंही नीट ठेवा. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन आणि १ मे हा मराठी राजभाषा दिन. बहुतेक फलकांवर यांची अदलाबदल झालेली असते.

जंत्रीवाला
१६७४ बद्दल. तारीख जुन्याच, म्हणजे ज्युलियन कॅलेंडरची आहे आणि ती तशीच ठेवा. मराठी इतिहासलेखनात शिवकाळातल्या तारखा ज्युलियनच छापत आले आहेत. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० आणि राज्याभिषेकाची ६ जून १६७४ याही ज्युलियनच. आजच्या कॅलेंडरने त्या अनुक्रमे १ मार्च आणि १६ जून होतात. दुसरा राज्याभिषेक एकट्याने ४ ऑक्टोबरला नेलात, तर ६ जूनच्या पानाशी मेळ जाईल. एकच पद्धत सगळ्या वहीभर ठेवा आणि ओळीत तिथी द्या. तिथी असली की कोणालाही पुन्हा पडताळता येतं.

पडताळणी अशी करायची. शकात ७८ मिळवा. महिना पौष, माघ किंवा फाल्गुन असेल आणि १ जानेवारी उलटून गेलेली असेल तर ७९. शके १५९६ च्या ज्येष्ठात १६७४, शके १५५१ च्या फाल्गुनात १६३०. मग जंत्रीतून (तिथी आणि इंग्रजी तारीख यांचा मेळ देणाऱ्या कोष्टकांतून) तारीख काढा आणि वार जुळतो का ते बघा. वार हीच खरी कसोटी. फोनमधलं कॅलेंडर मागे नेलंत तर ६ जून १६७४ ला ते बुधवार दाखवतं, कारण ते मागेही आजचंच कॅलेंडर लावतं. खरा वार शनिवार. बुधवारपासून शनिवारपर्यंत तीन वार पुढे, म्हणजे दहा दिवसांचा फरक (दहातून सात गेले, तीन उरले). १७०० च्या फेब्रुवारीनंतर फरक अकरा दिवसांचा होतो, तेव्हा वार चाराने चुकलेला दिसेल. वाराची चूक तीन किंवा चाराची असली की समजावं, कॅलेंडर बदललंय. एक, दोन किंवा पाचाची असली तर मूळ तारीखच तपासायला घ्या.

याच राज्याभिषेकात आणखी एक गाठ आहे. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या, शकवार घटना नोंदवलेल्या जुन्या यादीत) तिथी ज्येष्ठ शुद्ध १२ आणि वार शुक्रवार आहे, तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले अशी नोंद आहे. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो. तीन घटका म्हणजे ७२ मिनिटं. म्हणून पंचांगाने शुक्रवार, आणि मध्यरात्रीला दिवस बदलणाऱ्या इंग्रजी हिशेबाने शनिवार, ६ जून. दोन्ही बरोबर. 'शकावलीत चूक आहे' असं म्हणून कोणी दुरुस्ती सुचवली तर घेऊ नका.

इंग्रज वखारीच्या कागदांत वर्षही फसवतं. तेव्हा त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी १६६४ ची सुरतेची पहिली लूट तिथे १६६३ मध्ये दिसते. इंग्रजांनी कॅलेंडर १७५२ ला बदललं, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर. त्यानंतरच्या तारखांना हा त्रास नाही.

जाता जाता एक. जानेवारीच्या पानावर पानिपताच्या ओळीत 'संक्रांतीच्या दिवशी' लिहू नका. १४ जानेवारी १७६१ ही तारीख पक्की आहे, पौष शुद्ध अष्टमी. पण संक्रांत इंग्रजी तारखांत हळूहळू पुढे सरकत आलीय. स्वामी विवेकानंद १८६३ ला संक्रांतीच्या दिवशी जन्मले, तेव्हा तारीख होती १२ जानेवारी. त्याच्या शंभर वर्षं आधी ती १४ ला कशी असेल?

मांडवीकाठ
गिनी-बिसाऊ काढू नका. वरच्या यादीत ते परकं वाटतं, पण तेही पोर्तुगीजांच्याच ताब्यात होतं, जसा गोवा होता. २४ सप्टेंबर १९७३ ला त्यांनी स्वतःहून स्वातंत्र्य जाहीर केलं. पोर्तुगालने मान्य केलं १० सप्टेंबर १९७४ ला. तारीख निवडायची ती जाहीर केल्याची. गोव्याला हाच नियम लावा: मुक्ती १९ डिसेंबर १९६१, पोर्तुगालने तहाने मान्यता दिली ३१ डिसेंबर १९७४. आपण १९ डिसेंबरच पाळतो ना?

आणि वर वखारीच्या कागदांचं आलं म्हणून: गोव्याच्या पोर्तुगीज कागदांत त्याच काळात नवं, ग्रेगोरियन कॅलेंडर आहे. त्यामुळे सतराव्या शतकातली एकच घटना मुंबईच्या इंग्रजी पत्रात एका तारखेला आणि गोव्याच्या पत्रात दहा दिवस पुढे सापडते. दोन वेगळ्या घटना समजून दोन पानांवर घालू नका.

ओवरी
जन्म-मृत्यूला निकष आणखी कडक हवा, कारण तिथे चुका आपोआप तयार होतात.

नानासाहेब पेशव्यांची ओळ काढाच. १८५७ नंतर ते नेपाळच्या बाजूला गेले, पुढे त्यांचं काय झालं याला भक्कम पुरावा नाही. वर्षसुद्धा ठरत नाही तिथे दिवस कुठून आला? त्या जागी डॉ. राजा रामण्णा (२००४, मुंबई) घ्या. तारीख निर्विवाद, आणि पोखरणच्या १९७४ च्या चाचणीशी नाव जोडलेलं. जन्मांत मॅडम कामा (१८६१, मुंबई) पहिल्या.

१ जूनच्या पानाला आलात की थांबा. जुन्या काळी मुलाची जन्मतारीख घरच्यांना सांगता आली नाही की गुरुजी दाखल्यावर १ जून लिहीत. शाळा जूनला सुरू होई, वयाचा हिशेब सोपा जाई. त्यामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी नामवंतांचा वाढदिवस १ जूनच दिसतो. दाखल्यापलीकडचा आधार नसेल तर 'शालेय नोंदीनुसार' एवढे दोन शब्द घाला.

दुसरी चूक कामाची तारीख माणसाला चिकटण्याची. 'दर्पण'चा पहिला अंक निघाला ६ जानेवारी १८३२ ला. तो पत्रकार दिन झाला, आणि बऱ्याच ठिकाणी तीच तारीख बाळशास्त्री जांभेकरांचा जन्मदिन म्हणून लागली. जन्मतारीख आणि कामाची तारीख एकच दिसली की ती दुसऱ्या जागी ताडून बघायची.

चौथा_अंपायर
२००७ चा विश्वचषक खेळ म्हणून उडवू नका, ही विनंती. त्या प्रकारातला तो पहिलाच विश्वचषक, भारत पाच धावांनी जिंकला आणि पुढच्याच वर्षी आयपीएल सुरू झालं. 'पुढचं काय बदललं' या प्रश्नाला याहून सरळ उत्तर क्रिकेटमध्ये एका १९८३ लाच आहे.

मुद्रितशोधन
पटलं, ठेवा. माझी भीती वेगळी आहे. गेल्या पंचवीस वर्षांच्या ओळी निम्मं पान खातात, कारण त्या शोधायला सोप्या. आठांत तीनपेक्षा जास्त नकोत. इथे अक्षरधाम, विश्वचषक, मंगळयान, म्हणजे तीन झाल्या. मंगळयानाच्या ओळीत 'पहिल्याच प्रयत्नात' हे शब्द हवेत, त्यासाठीच ती ओळ आहे. ५ नोव्हेंबरच्या पानावर उड्डाणाची ओळ जागा उरली तरच घ्या.

फलकलेखन
खूप मदत झाली. दोन शंका राहिल्या. अक्षरधामचा हल्ला २५ ला सकाळी संपला, मग ओळ कुठल्या पानावर? आणि मंगळयान अमेरिकी याद्यांत २३ सप्टेंबरला का दिसतं?

जंत्रीवाला
हल्ला, अपघात, भूकंप यांना सुरुवातीचा दिवस, जसं २६ नोव्हेंबर २००८. वेढा किंवा मोहीम असेल तर निकालाचा दिवस. हैदराबादची कारवाई १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली, पण मराठवाडा मुक्ती दिन १७ सप्टेंबरला आहे.

तारीख नेहमी घटना घडली तिथल्या घड्याळाची. मंगळयानाचं नियंत्रण बंगळूरहून होतं, आपल्याकडे २४ ची सकाळ होती आणि अमेरिकेत २३ ची रात्र. पुढच्याच आठवड्यातल्या पानावर हे जास्त बोचेल. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांचा. जागतिक वेळेने तेव्हा २९ ची रात्र होती, म्हणून परदेशी भूकंपसूचीत २९ सप्टेंबर दिसतो. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते ती ही रात्र. लातूर-धाराशिवच्या कुठल्याही घरात ३० सप्टेंबरच सांगतील. कोयनेचंही असंच, ११ डिसेंबर १९६७ पहाटे ४.२१, सूचीत १० डिसेंबर.

फलकलेखन
मग घटना अशा: १६७४, १८५२, १८७३, १९३२, १९७३, २००२, २००७, २०१४. बरोबर आठ. पहिली ओळ अशी चालेल का: 'आश्विन शुद्ध पंचमी, शके १५९६: शिवाजी महाराजांचा रायगडावर दुसरा राज्याभिषेक'?

जंत्रीवाला
'तांत्रिक पद्धतीने' हे दोन शब्द आणि तो विधी करवणाऱ्या निश्चलपुरी गोसावींचं नाव घाला. नाहीतर ६ जूनचा राज्याभिषेक रद्द झाला होता की काय, असं मुलं विचारतील. ओळ लांबली तर 'रायगडावर' काढा, तिथी काढू नका.