ऑटोमॅप चालू असेल तर स्पिनर फसवणार कुणाला?

कंदीलवाला (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात जुन्या गेम्सच्या धाग्यावर 'उजवी भिंत' यांनी लिहिलं: "आलेखवही मांडीवर घेऊन डंजन खेळणारे खेळत नाहीत, कारकुनी करतात. १९८१ साली यंत्रात मेमरी नव्हती म्हणून नकाशा खेळणाऱ्याच्या गळ्यात मारला. आता ती मजबुरी उरलेली नाही." (डंजन म्हणजे टोळी घेऊन तळघराच्या भुलभुलैयात फिरायचा गेम, आणि ऑटोमॅप म्हणजे फिराल तसा गेमने आपोआप काढलेला नकाशा.) तिथे दोन ओळी लिहून सोडून दिलं होतं. पण चार दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हा वेगळा धागा.

आधी मेमरीचं बघू. विझर्डी या १९८१ च्या डंजन गेमच्या पहिल्या भागात दहा मजले, प्रत्येक मजला २० बाय २०. झाल्या ४००० चौकटी. 'इथे पाऊल पडलंय की नाही' एवढंच लक्षात ठेवायचं तर चौकटीमागे एक बिट, सगळे मिळून ५०० बाइट. ॲपल टू संगणकावर ४८ के (किलोबाइट) मेमरी होती. त्यात ५०० बाइट बसले नसते हे मला पटत नाही. गेम लिहिणाऱ्या ग्रीनबर्ग आणि वुडहेड यांनी नकाशा दिला नाही, कारण त्या डंजनमधला प्रत्येक सापळा नकाशा काढणाऱ्यासाठीच लावलेला आहे, असं माझं ठाम मत आहे.

स्पिनर घ्या. चौकटीत पाय पडला की टोळीचं तोंड भलतीकडे वळतं. आवाज नाही, सूचना नाही, समोर पुन्हा रेघांच्याच भिंती. तुम्ही पूर्वेचा बोळ उत्तरेला काढत सुटता. टेलिपोर्टर तुम्हाला उचलून दुसऱ्या टोकाला ठेवतो आणि बोळ दिसतो तसाच. अंधाराच्या पट्ट्यात भिंत दिसतच नाही, डोकं आपटल्यावर कळते. हे सगळे डाव तुमच्या हातातल्या पेन्सिलीविरुद्ध आहेत, राक्षसांचा त्यात काही संबंध नाही.

९४ च्या मे महिन्यात ठाण्याला मामाकडे ३८६ संगणक होता. मी गणिताची चौकटीची वही घेऊन बसायचो. एका दुपारी बोळ काढत काढत मी आधीच काढलेल्या खोलीच्या भिंतीतून आरपार गेलो, कागदावर. खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा तेच. कागद विरला, मागच्या पानावरची अक्षरं दिसायला लागली. शेवटी डुमॅपिक मंत्र टाकला. तो जिन्यापासून तुम्ही किती घरं लांब आहात ते सांगतो. माझी वही म्हणत होती पूर्वेला १२, मंत्र म्हणाला ३. मी एवढ्या जोरात ओरडलो की मामा स्वयंपाकघरातून चहाचं गाळणं हातात घेऊन धावत आला. टेलिपोर्टर मला पडद्यावर नव्हे, माझ्या वहीत सापडला.

ऑटोमॅप असता तर टिंब इकडून तिकडे उडालं असतं, मी 'अच्छा' म्हटलं असतं आणि पुढे गेलो असतो. याला कारकुनी म्हणता?

उजवी भिंत

वाक्य माझंच आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

तुमचे ५०० बाइट म्हणजे फक्त आठवण. ती पडद्यावर काढणारा कोड, भिंती-दारांच्या खुणा, डिस्कवर जतन करणं हे कोण करणार? पास्कल भाषेत लिहिलेला गेम, फ्लॉपीवरून तुकड्या-तुकड्याने मेमरीत यायचा. तेव्हा जागा प्रत्येक गोष्टीसाठी कमीच होती.

आणि मे महिन्याची सुट्टी आता मला कोण देणार? माझी मुलगी दहाला झोपते, साडेअकराला माझे डोळे मिटतात. मधल्या दीड तासातला पाऊण तास रेघा खोडण्यात गेला तर मी खेळलो कधी?

१९९२ च्या अल्टिमा अंडरवर्ल्डमध्ये नकाशा आपोआप भरतो आणि त्यावर आपल्या नोंदी टाइप करता येतात. आठ मजले, उतार, पाणी, पूल. ते आलेखवहीवर काढून दाखवा. त्या गेमला कमअस्सल म्हणायची हिंमत आहे का कुणाची?

पेन्सिलटोक

कंदीलवाला, +१. विझर्डीपुरतं आणखी एक. मॅलोर मंत्राने थेट उडी मारता येते, आकडे तुम्ही द्यायचे. आकडा चुकून खडकात गेलात तर अख्खी टोळी कायमची गेली. आणि साधी हरलात तरी प्रेतं तिथेच पडून राहतात, नवी टोळी घडवून त्यांना शोधून आणावं लागतं. त्या वेळी मेलेल्यांनी काढलेला नकाशाच जिवंत लोकांच्या हातात असतो. माझ्या वहीत एका चौकटीवर अजून 'इथे सगळे' असं लिहिलेलं आहे.

सायली

तुम्ही दोघंही १९९२ ला येऊन थांबलात. जपानमध्ये विझर्डी १९८७ ला फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर आली आणि तिथे हा प्रकार कधी मेलाच नाही. २००७ मध्ये अ‍ॅटलस कंपनीने डीएस या दोन पडद्यांच्या हातातल्या गेमयंत्रावर एट्रियन ओडिसी काढली. वरच्या पडद्यावर डंजन, खालच्या पडद्यावर कोरी चौकट, हातात स्टायलस. पायाखालची चौकट हवी तर आपोआप रंगते, पण भिंती, दारं, खुणा तुम्हीच काढायच्या. मोठे राक्षस तुमच्या प्रत्येक पावलाबरोबर एक पाऊल सरकतात, म्हणून त्यांचे फेऱ्यांचे रस्तेही मी बाण काढून ठेवायचे. लोकलमध्ये उभ्याने नकाशा काढलाय मी. वही उघडायला जागा कुठे असते तिथे?

कंदीलवाला

तो गेम चांगलाच आहे. पण स्टायलसने ठरलेल्या चौकटीत ठरलेलं चिन्ह ठेवणं म्हणजे नकाशा काढणं नव्हे. तिथे कागद सरकत नाही, एका रांगेने चुकत नाही. चुकायची सोयच नाही.

सायली

चुकायची सोय नाही? गुप्त वाट दुसऱ्याच भिंतीवर नोंदवून मी एका मजल्यावर तीन संध्याकाळी घालवल्या आहेत. तुम्ही तो गेम किती मजले खेळलात ते आधी सांगा, मग माझं काढणं नकाशा आहे की नाही ते ठरवा. चाळिशीच्या पुरुषांनी मे महिन्याच्या सुट्टीत जे केलं तेच खरं, आणि मुलींनी डीएसवर केलं ते खेळणं, हे मी दहा वर्षं ऐकतेय.

कंदीलवाला

मुली-मुलगे असं मी काहीही म्हटलेलं नाही. तीन मजले खेळलोय.

बिनमॅन्युअल

अवांतर होईल, पण हा विषय निघाला की माझी एक जुनी जखम उघडते. तुम्ही सगळे मंत्रांची नावं सहज लिहिताय. तुम्हाला ती कळली कुठून? आमच्याकडे बार्ड्स टेल हा डंजन गेम आला तो नुसती फ्लॉपी म्हणून, मित्राच्या मित्राकडून. त्यात मंत्र टाकायला चार अक्षरी कोड लिहावा लागतो आणि कोड छापलेत मॅन्युअलमध्ये. मॅन्युअल कुणाकडेच नाही. जादूगार असून मुका. मी आणि धाकटा भाऊ रात्र-रात्र चार अक्षरं बदलून बघायचो. एम-ए-एफ-एल, म्हणजे मेज फ्लेम, आम्हाला अंदाजाने लागला. एका मंत्रासाठी आठवडा. तोवर आम्ही कंदिलाच्या उजेडात फिरत होतो, आणि तो विझला की बाहेर.

नकाशा हाताने की आपोआप हा प्रश्न आमच्यापर्यंत पोचलाच नाही.

सरळमार्गी

चोरीची फ्लॉपी घ्यायची आणि मॅन्युअल नाही म्हणून रडायचं. ते कोड मॅन्युअलमध्ये ठेवले होते त्यात तुमच्यासारख्यांना अडवणं हाही हेतू होताच. जखम कसली?

बिनमॅन्युअल

अहो सरळमार्गी, तेव्हा मी १२ वर्षांचा होतो आणि आमच्या गावात संगणकाच्या नावाने एक टायपिंग क्लास होता. पैसे देऊन घ्यायचा म्हटला असता तरी दुकान कुठलं? परदेशातून मागवायला डॉलर कुठून आणायचे होते, वडिलांच्या पगारातून? 'तुमच्यासारखे' हा शब्द मागे घ्या.

पेन्सिलटोक

बिनमॅन्युअल बरोबर बोलताहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला फ्लॉपीवर सगळं मिळायचं, मॅन्युअलसकट मूळ खोका मात्र क्वचितच. पूल ऑफ रेडियन्स या गेमचं उदाहरण घ्या. त्यात एल्फ आणि ड्वार्फ लिपीतला मजकूर वाचायला पुठ्ठ्याची चक्री होती. आमच्या हॉस्टेलवर तिची झेरॉक्स फिरत होती. चकत्या कापायच्या, जाड कागदावर चिकटवायच्या, मधोमध टाचणी. टाचणी जरा बाजूला लागली की चक्री भलताच शब्द दाखवायची. माझी सहाव्या खेपेला जमली. शिवाय गेम म्हणायचा 'जर्नलमधली अमुक नोंद वाचा', ते जर्नलही झेरॉक्स, मधली दोन पानं गायब.

सरळमार्गी

गेम बनवणाऱ्यांच्या घरी चूल त्याच पैशावर पेटत होती, एवढंच माझं म्हणणं. माझा भाऊ सॉफ्टवेअर विकतो, त्याचं कुणी असंच उचललं तर मला काय वाटतं ते मला माहीत आहे. बारा वर्षांच्या मुलाला 'तुमच्यासारखे' म्हणायला नको होतं, ते मागे घेतो. बाकीचं नाही घेत.

उजवी भिंत

थांबा. पेन्सिलटोक, झेरॉक्सचं तुम्हीच काढलंत म्हणून विचारतो. तुमच्या हॉस्टेलवर नुसती चक्रीच फिरत होती? नकाशांच्या झेरॉक्स नव्हत्या?

पेन्सिलटोक

होत्या.

उजवी भिंत

आमच्याही कॉलेजात होत्या. आय ऑफ द बिहोल्डर या डंजन गेमचे सगळे मजले, कुणीतरी सीनियरने काढलेले, झेरॉक्सची झेरॉक्स. त्यातला एक मजला आरशातल्यासारखा उलटा उतरवलेला होता. आम्ही चौघं जण दोन रात्री डावीकडच्या दाराला उजवीकडे शोधत होतो. 'हाताने काढलेल्या नकाशांचा सुवर्णकाळ' म्हणून जो आठवला जातो, त्यात दहातल्या नऊ जणांच्या हातात दुसऱ्याने काढलेला कागद होता. तोही एक प्रकारचा ऑटोमॅपच, फक्त चुकीचा. कंदीलवाला, याचं उत्तर द्या.

कंदीलवाला

हे मला आवडलेलं नाही, पण खोटं आहे असं म्हणता येत नाही. विझर्डीचा शेवटचा मजला मी स्वतः दुसऱ्याच्या वहीवरून केला होता. मात्र दहापैकी नऊ हा आकडा तुम्ही मनाने लावलाय.

उजवी भिंत

आकडा सोडा.

डावखुरा झालो

वाचत होतो, लिहिणार नव्हतो. सात वर्षांपूर्वीच्या अपघातानंतर माझ्या उजव्या हाताला पेन्सिल धरवत नाही, डाव्याने आलेखवहीत रेघ सरळ येत नाही. २०१२ च्या लेजंड ऑफ ग्रिमरॉक या डंजन गेममध्ये जुन्या पद्धतीचा पर्याय दिला, निवडला तर ऑटोमॅप बंद. मी तो निवडत नाही. भिंतीतली बटणं, वजनाच्या फरशा, अमुक इतक्या वेळात पार करायचे दरवाजे हे नकाशा असूनही मला सुटले, आणि सुटले तेव्हा मीही ओरडलो. कंदीलवाला यांच्या पहिल्या प्रतिसादातली टेलिपोर्टरची गोष्ट मला फार आवडली. फक्त 'अच्छा म्हटलं असतं आणि पुढे गेलो असतो' हे वाक्य मला लागलं.

कंदीलवाला

ते वाक्य मी मागे घेतो, पूर्ण. तुमच्या बाबतीत ते लागूच होत नाही.

विझर्डीबद्दलचं माझं म्हणणं मात्र तसंच आहे. ग्रिमरॉकची कोडी भिंतीत आहेत, म्हणून तिथे नकाशा फुकट दिला तरी कोडं शिल्लक राहतं. विझर्डीचं कोडंच 'मी कुठे आहे' हे आहे. त्याचं उत्तर पडद्याच्या कोपऱ्यात छापून ठेवलं तर उरतात फक्त मारामाऱ्या.

घोरपड

ट्रेकिंगच्या बाजूने एक भर. या सगळ्याच्याही आधीचा, नुसत्या मजकुरावर चालणारा कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर गेम १९७६ च्या सुमारास विल क्राउथर यांनी लिहिला, आणि ते खऱ्या गुहांत उतरणारे होते. १९७२ मध्ये केंटकीत फ्लिंट रिज आणि मॅमथ केव्ह या दोन गुहा आतून जोडलेल्या सापडल्या, त्या तुकडीत पॅट्रिशिया क्राउथर होत्या. गुहेत टेप आणि कंपास धरून, चिखलाच्या हातांनी वहीत आकडे लिहायचे, आणि घरी आल्यावर ते संगणकात घालून त्याच्याकडून नकाशा काढून घ्यायचा, असं विल आणि पॅट्रिशिया हे नवरा-बायको करत. मोजणं हाताने, रेघा यंत्राने. तुमच्या भांडणातले दोन्ही पक्ष त्या एका घरात होते.

त्याच गेममध्ये सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या वळणांची भुलभुलैया आहे. तिथे प्रत्येक खोलीत एकेक वस्तू टाकत जायचं, म्हणजे खोल्या ओळखता येतात. मी सह्याद्रीत धुक्यात दगडावर दगड ठेवत जातो तेच हे.

सायली

घोरपड, हे छान आहे. आणि एट्रियन ओडिसी म्हणजे नेमकं हेच, मोजणं माझं आणि चौकट यंत्राची. कंदीलवाला, चौथा मजला खेळा आणि मग बोला.

कंदीलवाला

खेळतो.

उजवी भिंत

दोन रात्रींनंतर लिहितोय. विझर्डीचा पहिला मजला ऑटोमॅपशिवाय करून बघितला, मुलीच्या वहीतली चार पानं फाडून. नावाप्रमाणे उजवी भिंत धरून चाललो. अंधाराच्या पट्ट्यात शिरलो आणि भिंत धरणं संपलं, कारण भिंतच दिसेना. प्रत्येक दिशेला एकेकदा आपटून चौकट भरली. पाऊण तास गेला. त्या पट्ट्याबद्दल तुमचं बरोबर आहे, तो नकाशासह काहीच नाही. ग्रिमरॉकमध्ये आणि बाकी सगळीकडे माझा ऑटोमॅप चालूच राहणार, आणि रोज हे करायला मला वेळ नाही हेही तसंच.

आता काम सांगा. अंधारातून बाहेर आलो तर माझा बोळ जुन्या बोळाला जुळत नाही, दोन घरांचा फरक येतोय. आत काही आहे का?

कंदीलवाला

ते सांगणार नाही. डुमॅपिक किती शिल्लक आहेत?

उजवी भिंत

एक.

कंदीलवाला

तिथेच टाका, आणि जो आकडा येईल तो पेनाने लिहा. पेन्सिलीने नको.