चहातून गुपचूप औषध देणं बरोबर आहे का?

कृष्णाकाठची, सांगली:
ओळखीच्या घरात धाकट्या दिराला स्किझोफ्रेनिया आहे, आपण आजारी आहोत हेच त्याला मान्य नाही, गोळी दिली की थुंकतो, म्हणून रिस्पेरिडोनचं पातळ औषध रोज सकाळच्या चहात घालतात. मला हे अजिबात पटत नाही. तो आधीच म्हणतोय की घरातले मला काहीतरी खायला घालतायत, आणि आपण नेमकं तेच करायचं? ज्या दिवशी कळंल त्या दिवसापासनं घरचं पाणीसुद्धा घेणार नाही.

तासगावकर:
ताई, बोलणं सोपं आहे ओ. रात्रभर दारं तपासत फिरणारा, शेजाऱ्यावर काठी घेऊन धावणारा माणूस घरात असला की कळतं. काही आठवडे औषध पोटात गेल्याशिवाय त्याला समजवायचं तरी कसं? आमच्या भावाला डॉक्टरांच्या कानावर घालून असंच सुरू केलं, डोकं थाऱ्यावर आल्यावर डॉक्टरांनीच त्याला सगळं सांगितलं, आज स्वतः गोळी घेतो आणि बेदाण्याच्या सौद्यालाही जातो.

मिरजेची मेडिकलवाली:
रिस्पेरिडोनचं पातळ औषध चहात आणि कोलात घालायचंच नसतं, माहितीपत्रकातच छापलेलं असतं. पाणी, कॉफी, कमी सायीचं दूध चालतं. वर त्यानं अर्धा कप तसाच ठेवला तर पोटात गेलं किती? बहुतेक मोठ्या माणसांना दिवसाला २ मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात, ६ च्या वर गेलं की अंग आखडणं, हात कापणं जास्त दिसतं. औषध अर्धवट जातंय हे माहीत नसलं तर डॉक्टर डोस वाढवणार, मग एखाद्या दिवशी तो सगळा कप पिणार.

कृष्णाकाठची:
आणि उठताना चक्कर आली, मान आखडली तर तो सांगणार काय? त्याला औषध चालू आहे हेच ठाऊक नाही, तसाच गाडीवरनं बाहेर पडतो. काठी उगारण्याइतकं झालं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे आजाऱ्याच्या वतीनं बोलायला ठरलेल्या माणसाच्या, अर्जावर दवाखान्यात भरती करता येतं. गोळी नको असंल तर दोन-चार आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन पण असतं.

तासगावकर:
इंजेक्शनला पण हो म्हणायला पाहिजेच की. आणि गल्ली बघत असताना चौघांनी धरून गाडीत कोंबलं तर त्यानं विश्वास मोडत नाही का? डॉक्टरच्या परस्पर देऊ नका, चहात देऊ नका, एवढं मान्य. पण पहिला महिना द्याच.

कृष्णाकाठची:
महिना झाल्यावर त्याला सांगणार कोण? त्या घरात तो आता नीट जेवतो, झोपतो, बोलतो, तरी कुणी सांगितलेलं नाही. चहा तसाच चालू आहे.