एजंटला (सांगितलेली कामे स्वतःहून करणाऱ्या एआय प्रोग्रामला) घरातील उपकरणे आपोआप सापडावीत, पण ती चालवण्याचा अधिकार कोणी द्यायचा?

उंबरठा
“एजंटला घरचे नेटवर्क मोकळे करून द्या, जे उपकरण सापडेल ते त्याला चालवू द्या, प्रत्येक वेळी माणसाची संमती कशाला?” हे मत कालपासून मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो. उपकरण सापडणे आणि ते चालवण्याचा अधिकार मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एमडीएनएसवर, म्हणजे नेटवर्कवरची उपकरणे शोधण्याच्या पद्धतीने, हाक दिली की नेटवर्कला जोडलेला दिवा, प्लग (दूरून चालू-बंद करता येणारे सॉकेट), कुलूप आपापले नाव आणि सेवा सांगतात. परंतु प्लग एवढेच सांगतो की तो प्लग आहे. त्याच्यात काय खोचले आहे, हे त्यालाही ठाऊक नसते. माझ्या घरी वीजबचतीसाठी नेमलेल्या एजंटने ‘प्लग २’ रात्रभर विनाकारण वीज खातो असे ठरवून तो बंद केला. त्यावर फ्रिज होता आणि फ्रिजमध्ये वडिलांचे इन्सुलिन. सकाळी दार उघडले तेव्हा आतला दिवा लागला नाही, बर्फाचे पाणी खालच्या कप्प्यात उतरले होते आणि औषधाचे खोके भिजून मऊ पडले होते. औषध वापरावे की टाकावे, हे विचारण्यासाठी सहा वाजता डॉक्टरांना उठवावे लागले.

मोकळी_हवा
ते मत माझे आहे आणि मी त्यावर ठाम आहे. वडिलांना झालेल्या त्रासाचे वाईट वाटते, पण ज्या प्लगवर औषधाचा फ्रिज चालतो त्याला ‘प्लग २’ म्हणून सोडून देणे हा शोधयंत्रणेचा दोष कसा? अर्धांगवायूनंतर माझ्या आईचा उजवा हात उचलला जात नाही. “डोळ्यांवर ऊन येतंय,” एवढे ती म्हणते आणि पडदा सरकतो, कारण एजंटला तो पडदा आधीच सापडलेला असतो. नवा पंखा बसवला, तर मी संध्याकाळी घरी येऊन परवानगीचे बटण दाबेपर्यंत तो तिच्या दृष्टीने असून नसल्यासारखा. आपण ज्याला सुरक्षितता म्हणता, त्याची किंमत ती दिवसभर उन्हात बसून मोजते.

जोडणी
मॅटर हे घरातील स्मार्ट उपकरणांचे सामायिक मानक २०२२ मध्ये आले, तेव्हाच या वादाचे अर्धे उत्तर मिळाले होते. क्यूआर कोड किंवा ११ अंकी जोडणी-संकेतांक दिल्याशिवाय नवे उपकरण कोणाच्याही ताब्यात जात नाही, आणि जोडल्यानंतरही पाहणे, चालवणे, व्यवस्थापन आणि प्रशासन असे अधिकाराचे स्तर वेगवेगळे ठेवता येतात. सोय आहे, ती वापरली जात नाही.

उंबरठा
कागदावर हे सर्व खरे आहे. प्रत्यक्षात एजंट बहुधा हबच्या, म्हणजे सर्व उपकरणे जोडणाऱ्या मध्यवर्ती यंत्राच्या, किल्लीने आत येतो, त्यामुळे आज्ञा माणसाची की एजंटची, हे कुलपाला कळतच नाही. होम असिस्टंट या घर चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती उपकरणे सहायकाला दाखवायची हे आपण निवडू शकतो, तेवढे श्रेय मी देतो.

नावनिशी
सगळे अधिकारांवर भांडत आहेत, पण खरे दुखणे नावांचे आहे आणि त्याकडे कोणी पाहत नाही. माझ्याकडे चाळीसएक उपकरणे आहेत. कंपनीच्या ॲपमध्ये एक नाव, हबमध्ये दुसरे आणि घरातल्यांच्या तोंडी तिसरेच. ‘आजीचा दिवा’ आजीची खोली बदलल्यावरही जुन्याच खोलीत राहिला, तेव्हा “आजीचा दिवा मालव” म्हटल्यावर एजंटने कोणता दिवा मालवावा? जळालेला बल्ब बदलला की नवा बल्ब नव्या ओळखीने येतो आणि जुन्या आज्ञा नसलेल्या दिव्याला हाका मारत राहतात. ज्यांना नीट नावे देण्याची सवय नाही, त्यांनी एजंटच्या नादी लागू नये.

मोकळी_हवा
येथे उपकरणांना नावे देण्याऐवजी माणसांना नावे ठेवणे सुरू झाले आहे. माझी आई चाळीस नावे पाठ करणार नाही आणि तिने ती करूही नयेत. ती “तो कोपऱ्यातला” म्हणते. त्याचा अर्थ लावता यावा म्हणून तर एजंट हवा. जुन्या पद्धतीला नेमके शब्द लागत, ही तिची उणीव होती.

नावनिशी
अर्थ लावणे म्हणजे अंदाज बांधणे, आणि अंदाज चुकल्यावर काय होते, ते पहिल्याच प्रतिसादात लिहिले आहे. ते आपण वाचलेच नाही, असे दिसते.

रात्रपाळी
चूक एकवेळ समजू शकते, फसवणुकीचे काय? २०२५ मध्ये तेल अवीव विद्यापीठ, टेक्निऑन ही इस्रायली तंत्रसंस्था आणि सेफब्रीच ही सायबरसुरक्षा कंपनी येथील संशोधकांनी कॅलेंडरच्या निमंत्रणात आज्ञा लपवून ठेवल्या आणि जेमिनी या गूगलच्या एआय सहायकाकडून घरातले दिवे, खिडक्यांची झडप आणि बॉयलर चालवून दाखवले. घरमालकाने फक्त आपल्या भेटींची माहिती विचारून आभार मानले होते. गूगलने त्यानंतर बंदोबस्त वाढवला, तरी बाहेरचा मजकूर वाचणाऱ्या एजंटच्या हाती कुलूप देणे मला मान्य नाही.

मोकळी_हवा
कुलूप, बॉयलर आणि प्लग यांच्यासाठी वेगळी संमती घ्या; माझा विरोध तेवढ्यापुरता मागे घेतो. पडदा, पंखा आणि दिवा यांवर मात्र मी हटणार नाही.

उंबरठा
पडद्याचे मान्य. नवे उपकरण एजंटने शोधून यादीत टाकावे, आपल्या आईला लगेच सांगावे आणि पंखा असेल तर लगेच चालवावे, हेही मान्य. पण प्लग असेल तर त्यावर काय आहे हे विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये.

मोकळी_हवा
आज घरच्या प्लगांची यादी काढली. सात निघाले, आणि त्यांपैकी दोहोंवर काय आहे हे मला जागेवर जाऊन वायर हाताने चाचपून पाहावे लागले. एकावर आईच्या पलंगाची मोटर आहे. त्याचे नाव ‘प्लग ५’ होते.