मेमरीचा वेग वाढवूनही फ्रेम का घटतात

आरटीएक्स ३०८० या ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा वेग १००० मेगाहर्ट्झने वाढवूनही ते बंद पडले नाही, म्हणजे तो वेग स्थिर आहे, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. त्यात थोडी भर घालावीशी वाटते. या कार्डातील जीडीडीआर६एक्स मेमरीत चूक ओळखून तीच माहिती पुन्हा पाठवण्याची सोय आहे, त्यामुळे वेग झेपेनासा झाला तरी बहुधा पडदा काळा होत नाही की चित्रात ठिपके दिसत नाहीत, केवळ या पुनरावृत्तीत वेळ जाऊन फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे, घटतात. म्हणून आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलण्याच्या प्रोग्राममध्ये मेमरीचा वेग ५०-५० मेगाहर्ट्झने वाढवावा आणि प्रत्येक टप्प्यावर तीच चाचणी तीनदा चालवून गुण लिहून ठेवावेत. माझ्या कार्डावर ७०० पर्यंत गुण चढत गेले आणि ८०० ला ते ६०० वेळच्या गुणांच्याही खाली आले. मी ६५० वर थांबलो. कोअरचे, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपच्या वेगाचे, गणित वेगळे आहे. तापमान चढले की कार्ड स्वतःच १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली येते, त्यामुळे थंड कार्डावर पहिल्या पाच मिनिटांत दिसलेला आकडा खरा धरू नये. अर्ध्या तासाने पंख्यांचा आवाज एका पट्टीत स्थिरावला, की तेव्हाचा वेग पाहावा. आणि दोन्ही वेग एकाच वेळी कृपया वाढवू नका. बिघाड नेमका कशामुळे झाला, ते कळणार नाही.