मुक्तस्रोत सीएमएसची पुढची मोठी आवृत्ती: नव्याने लिहावी की टप्प्याटप्प्याने बदलावी?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार. आम्ही काही जण मिळून पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालणारी एक छोटी मुक्तस्रोत सीएमएस (संकेतस्थळावर मजकूर टाकण्याची व बदलण्याची प्रणाली) सांभाळतो. जिल्ह्यातली काही वाचनालये, दिंडोरी-निफाडकडचे द्राक्ष बागायतदारांचे गट आणि एक-दोन साप्ताहिके तिच्यावर आपली संकेतस्थळे चालवतात. कोड जुन्या वळणाचा आहे. डेटाबेसच्या क्वेरी (माहिती मागवणाऱ्या आज्ञा) आणि पानाची मांडणी एकाच फाइलमध्ये मिसळलेली असल्यामुळे नवे सहकारी त्याला हात लावायला धजत नाहीत. पुढच्या तीन वर्षांचा आराखडा आता करायचा आहे. माझा कल सगळे नव्याने लिहिण्याकडे आहे, म्हणजे मजकूर एपीआयमधून (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून माहिती घेण्याच्या ठरलेल्या मार्गाने) द्यावा आणि दर्शनी भाग पूर्ण वेगळा ठेवावा. काही सहकाऱ्यांना मात्र आहे त्यातच सुधारणा करत जाणे योग्य वाटते. मोठ्या प्रकल्पांनी हा पेच कसा सोडवला, आणि आमच्यासारख्या लहान गटाने त्यातून काय घ्यावे?

उत्तर १ (पंचवटी)

आपण निर्णय घेण्यापूर्वी द्रुपल या मोठ्या मुक्तस्रोत सीएमएसचा इतिहास नीट पाहावा, असे मी आग्रहाने सुचवेन. १९ नोव्हेंबर २०१५ रोजी आलेली द्रुपल ८ ही आवृत्ती सिम्फनी या पीएचपीच्या तयार चौकटीच्या घटकांवर उभी होती आणि तांत्रिकदृष्ट्या ती निश्चितच सरस होती. परंतु द्रुपल ७ साठी लिहिलेली मॉड्यूल (जास्तीच्या सोयी देणारे जोडभाग) तिच्यावर चालत नव्हती, ती नव्याने लिहावी लागली, आणि जुन्या संकेतस्थळाचा मजकूर स्थलांतरित करणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसले. परिणामी असंख्य संकेतस्थळे जागची हलली नाहीत. द्रुपल ७ चा आधार, म्हणजे तिला दुरुस्त्या देणे, नोव्हेंबर २०२१ मध्ये थांबवायचे ठरले होते, ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवत अखेर ५ जानेवारी २०२५ पर्यंत न्यावी लागली. २०११ मध्ये आलेली आवृत्ती चौदा वर्षे सांभाळावी लागली. जुनी घडण ज्यांना सोडायची नव्हती त्यांच्यातून बॅकड्रॉप नावाची वेगळी शाखाही निघाली.

त्यानंतर त्यांनी जी पद्धत बसवली ती मला अनुकरणीय वाटते. एखादे जुने फंक्शन काढायचे असेल तर आधी ते कालबाह्य म्हणून जाहीर करायचे, त्याचा पर्याय त्याच वेळी उपलब्ध करून द्यायचा आणि ते प्रत्यक्ष काढायचे ते पुढच्या मोठ्या आवृत्तीतच. जून २०२० मधील द्रुपल ९ म्हणजे बहुतांशी द्रुपल ८.९ मधून कालबाह्य कोड वगळलेली आणि ती ज्यांवर अवलंबून होती ते बाहेरचे कोड-संच अद्ययावत केलेली आवृत्ती होती. जुमला या दुसऱ्या सीएमएसनेही ३.१० ही आवृत्ती चौथ्या आवृत्तीकडे जाणारा पूल म्हणूनच दिली. आपल्या गटाकडे जुनी आणि नवी अशा दोन प्रणाली एकाच वेळी सांभाळण्याइतके हात आहेत का, हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारीन. नसतील तर पुनर्लेखनाचा विचार बाजूला ठेवावा.

उत्तर २ (नाशिक रोड)

मी याच सीएमएसवरची काही संकेतस्थळे सांभाळतो, म्हणून वापरणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. वर्डप्रेस या सीएमएसने ६ डिसेंबर २०१८ रोजी ५.० मध्ये गुटेनबर्ग हा मजकूर लिहिण्याचा नवा संपादक आणला तेव्हा नाराजी मोठी होती, परंतु जुना संपादक परत देणारे क्लासिक एडिटर हे प्लगइन सोबत उपलब्ध ठेवल्यामुळे ज्यांना थांबायचे होते त्यांना थांबता आले. वाचनालयातले ग्रंथपाल किंवा गटाचे सचिव आठवड्यातून एकदा लॉगिन करतात. त्यांच्यासाठी संपादकाची खिडकी म्हणजेच सीएमएस. दर्शनी भाग वेगळा केला की प्रत्येक संकेतस्थळामागे एक जाणकार विकासक लागतो, आणि तो या मंडळींकडे नाही.

आराखड्यात देवनागरी शोधाला वरचे स्थान द्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या जुन्या लेखांत ‘शेतकर्‍यांना’ हा शब्द साधा र, हलन्त आणि अदृश्य शून्य-रुंदी जोडक अशा क्रमाने साठवलेला आहे; नव्या लेखांत तोच ‘शेतकऱ्यांना’ स्वतंत्र ऱ वापरून येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, परंतु अक्षरागणिक तुलना करणाऱ्या शोधाला ते दोन निराळे शब्द वाटतात, त्यामुळे पीक विम्याचे जुने लेख सापडतच नाहीत. युनिकोड या अक्षरे साठवण्याच्या प्रमाणाच्या नेहमीच्या सामान्यीकरणानेही (एकाच अक्षराची निरनिराळी रूपे एकसारखी करण्याच्या प्रक्रियेनेही) ही दोन रूपे एक होत नाहीत. त्यासाठी मजकूर साठवताना आणि शोधताना लागू होणारा स्वतंत्र नियम लिहावा लागेल. मोठे प्रकल्प हे काम आपल्यासाठी करतील याची वाट पाहू नये. यासाठी पुनर्लेखनाचीही गरज नाही.

आणखी एक: जानेवारी ते एप्रिल हा द्राक्षांचा हंगाम असतो. त्या काळात मोठी आवृत्ती आणू नये.

उत्तर ३ (सातपूर)

तारखा पीएचपीच्या वेळापत्रकाला बांधाव्यात. तिथे प्रत्येक शाखेला दोन वर्षे पूर्ण आधार आणि त्यापुढे दोन वर्षे केवळ सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, म्हणजे कोणती आवृत्ती कधी सोडावी लागेल हे आधीच कळते. आराखडा कोडच्याच भांडारात ठेवावा, प्रत्येक कामापुढे ते कोण करणार हे लिहावे, आणि ज्यापुढे नाव नाही ते काम आराखड्यातून काढून टाकावे. हा नियम कठोर वाटेल, परंतु स्वयंसेवी गटात निनावी काम वर्षानुवर्षे तसेच पडून राहते आणि बाहेरच्यांना उगाच आशा लागते.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. दोन प्रणाली सांभाळण्याइतके हात आमच्याकडे नाहीत, त्यामुळे पुनर्लेखनाचा माझा आग्रह मी सोडतो. पहिल्या टप्प्यात क्वेरी मांडणीतून वेगळ्या काढू, जुनी फंक्शने चालू ठेवून त्यांवर कालबाह्यतेची सूचना लावू आणि ऱ-चा नियम त्याच आवृत्तीत घेऊ. नाशिक रोडच्या मित्रांनी जुन्या-नव्या लेखांतले असे शब्द नमुन्यादाखल पाठवले, तर त्यांवरच चाचण्या लिहिता येतील. आवृत्ती पावसाळ्यात आणण्याचा प्रयत्न राहील.