मदत हवी आहे : काविळीनंतर बाळाचा एमआरआय, सोलापूर

नमस्कार. माझ्या बहिणीचा मुलगा आज 24 दिवसांचा आहे. आईचा रक्तगट ओ, बाळाचा बी, त्यामुळे कावीळ वाढली. चौथ्या दिवशी तळपायापर्यंत पिवळा पडला, तरी घरात "कोवळ्या उन्हात धरा, उतरेल" हेच चालू. (सोलापूरच्या उन्हावर आमचा जरा जास्तच विश्वास!) दवाखान्यात नेला तेव्हा बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं पिवळं द्रव्य) 29, म्हणजे खूपच जास्त. निळ्या लाइटखाली ठेवलं, रक्तही बदललं. आकडा उतरलाय, पण रडताना पाठ धनुष्यासारखी मागे ताणतो.

डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय सांगितलाय. बिलिरुबिन मेंदूच्या खोल भागात, ग्लोबस पॅलिडसमध्ये, इजा करतं. एमआरआयमध्ये टी-वन आणि टी-टू अशी दोन प्रकारची चित्रं काढतात; सुरुवातीला तो भाग टी-वन चित्रात उजळ दिसतो, काही महिन्यांनी टी-टूमध्ये. पण नवजात बाळात टी-वनची थोडी चमक नॉर्मलही असते, म्हणजे एका रिपोर्टवर निकाल लावता येत नाही.

सोलापुरात एवढ्या लहान बाळाचा एमआरआय भूल न देता, दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून झोपेत कुठे करतात? लहान मुलांचे स्कॅन नेहमी बघणारा रेडिओलॉजिस्ट कुठे मिळेल? की सरळ पुणं गाठावं?

बेराबद्दलही (आवाज कानाच्या नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का, ही तपासणी) सांगा. ओएई (फक्त आतल्या कानाची तपासणी) पास झालीय, पण काविळीत दोष बहुधा कानाच्या नसेत असतो, तो ओएईत सुटतो.

कुणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा. बहीण रात्रभर त्याच्या मुठी उघडून बघत बसते.