मदत हवी आहे: आल्प्समध्ये आठवडाभर मुक्कामाला कुठलं गाव घ्यावं? (सोबत लहान मुलं आणि सासूबाई)

नमस्कार मंडळी,

मेच्या शेवटच्या आठवड्यात स्वित्झर्लंडला निघतोय. विमानाची तिकिटं झाली, व्हिसाच्या फाइलला मुक्कामाचं बुकिंग जोडायचंय आणि तिथेच गाडं अडलंय. रोज रात्री जेवणं झाली की घरात परिषद भरते आणि ठराव न होताच उठते.

माणसं पाच. मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. त्यांचा एक गुडघा बदललेला आहे. सपाटीवर तासभर आरामात चालतात, पायऱ्या आणि उतार मात्र जमत नाहीत. बीपीची गोळी चालू आहे. त्यांची अट एकच: "डोंगर खालून दाखवलात तरी चालेल, पण मला खोलीत बसवून दिवसभर गायब होऊ नका."

आठ दिवसांत पाच देश आणि रोज सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर, असली सहल नकोय. एकच गाव, स्वयंपाकघर असलेलं एकच घर, तिथून जमेल तसं फिरायचं. झरमॅट आणि शामोनी बघून बाजूला ठेवलं. भाग बर्नर ओबरलांडच, म्हणजे आयगर, म्योंख, युंगफ्राऊ ही तीन शिखरं समोर दिसतील असा, एवढ्यावर एकमत आहे. गावावर नाही.

लेकीला लाऊटरब्रुनेन हवंय. कारण उघड आहे, तो चर्चमागचा धबधबा तिने फोनवर इतक्या वेळा पाहिलाय की आता आम्हालाही पाठ झालाय. श्टाउबबाख जवळजवळ 300 मीटरचा आहे, गाव दरीच्या तळाशी 800 मीटरवर, रस्ता सपाट, स्टेशन हाताशी. पण दरी अरुंद, दोन्हीकडे उभे कडे, त्यामुळे ऊन उशिरा येतं नि लवकर जातं म्हणतात. शिवाय दिवसभर बाहेरून येणाऱ्यांची झुंबड.

नवऱ्याचं मत ग्रिंडेलवाल्ड. गाव मोठं, दुकानं भरपूर, आयगरची उत्तर भिंत डोक्यावर, 2020 साली सुरू झालेली आयगर एक्स्प्रेस गोंडोला गावातूनच सुटते. डोंगरावरच्या गावांपेक्षा बॅगा घेऊन एक गाडी कमी बदलावी लागते, हा त्याचा हुकमाचा पत्ता.

मला स्वतःला म्युरेन. 1650 मीटरवर कड्याच्या काठावर, गाड्यांना बंदी, समोर तिन्ही शिखरं. पण तिथे पोचायला लाऊटरब्रुनेनहून आधी केबल कार, मग छोटी रेल्वे. मुलाला ताप आला तर खाली आणायचं कसं, हा प्रश्न सासूबाईंनी विचारला आणि मी गप्प बसले.

चौथं नाव वेंगेन. तेही गाड्या नसलेलं, पण लाऊटरब्रुनेनहून दात्याची, म्हणजे मधल्या दातेरी रुळाला धरून चढणारी, रेल्वे पाव तासात वर नेते. याबद्दल घरात कोणाचंच ठाम मत नाही, म्हणून कदाचित तेच बरं असेल!

तर विचारायचंय असं: गुडघ्याला त्रास न होता एकट्या बाईला दिवस घालवता येईल असं यातलं कोणतं? मेच्या शेवटी वरचं काय काय चालू असतं? आणि घरून काय न्यावं, काय नको?

प्रतिसाद: गारवारा

झुरिकला राहतो, सुट्टीत हा भाग पायाखालचा आहे. आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण गाव त्यावर ठरेल.

आपली मेची सुट्टी म्हणजे इथला दोन हंगामांमधला काळ. स्कीइंग संपलेलं, उन्हाळा सुरू व्हायचा. या दिवसांत केबल कार आळीपाळीने देखभालीसाठी बंद असतात आणि उंचावरच्या पायवाटांवर बर्फ असतो. ग्रिंडेलवाल्डच्या वरच्या फर्स्ट या ठिकाणाहून बाखआल्प तळ्याची ती प्रसिद्ध वाट मेअखेरीस बऱ्याचदा बर्फातच असते, तळंही गोठलेलं. त्या फोटोंच्या भरवशावर ग्रिंडेलवाल्ड घेऊ नका. म्युरेनचीही हीच गत. या काळात तिथली बरीच हॉटेलं आणि खाणावळी कुलूपबंद असतात, गाव सुंदर पण सामसूम. ज्या बाईंना माणसांत राहायचंय त्यांना ते जड जाईल.

याउलट लाऊटरब्रुनेन, वेंगेन, क्लाइने शाइडेग ही दात्याची रेल्वे वर्षभर चालते, म्हणून माझं मत वेंगेन. 1274 मीटर, पश्चिमेकडे तोंड केलेली लांबरुंद पायरी आहे ती. खालच्या दरीत सावली पसरली तरी इथे बाकावर ऊन असतं. स्टेशन, सुपरमार्केट, बेकरी, चर्च, सगळं सपाट टप्प्यात. स्टेशनपासूनच्या मुख्य रस्त्यावर विजेवर चालणाऱ्या हॉटेलच्या छोट्या गाड्या सोडल्या तर वाहन नाही, त्यामुळे मुलाचा हात सारखा धरून ठेवायला नको.

आणि सासूबाईंना डोंगर खालूनच का दाखवताय? वेंगेनला गाडीत बसवायचं, अर्ध्या तासाच्या आसपास क्लाइने शाइडेगला उतरायचं. 2061 मीटर, एक पायरी न चढता आयगरची भिंत समोर. तुम्ही चौघं पुढे युंगफ्राऊयोखला, म्हणजे शिखराजवळच्या खिंडीतल्या रेल्वे स्टेशनला जा, त्यांना तिथे उन्हात कॉफी घेऊन बसू द्या. योख 3454 मीटरवर आहे, हवा विरळ, आतल्या बोगद्यांत चालणं बरंच. बीपी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका.

प्रतिसाद: मिसळपाव_जादा_तर्री

एवढा विचार कशाला? इंटरलाकेनला राहा. दोन तळ्यांच्या मध्ये, सपाट, भारतीय हॉटेलं ढीगभर, कुर्सालच्या बागेत यश चोप्रांचा पुतळासुद्धा आहे. सगळ्या गाड्या तिथूनच सुटतात.

प्रतिसाद: गारवारा

सोयीचं आहे, नाही म्हणत नाही. पण 567 मीटरवर राहून रोज डोंगरात जायचं आणि संध्याकाळी परत खाली उतरायचं. ढग हटले की दहा मिनिटांत बाहेर पडता येणं, हीच तर डोंगरातल्या मुक्कामाची कमाई. इंटरलाकेनहून निघून वर पोचेपर्यंत ढग परत आलेले असतात.

प्रतिसाद: ओसरी

आम्ही आईबाबांना घेऊन ग्रिंडेलवाल्डला राहिलो होतो. गाव आवडलं, पण एक सांगते: ते उतारावर पसरलेलं आहे. जाहिरातीत "स्टेशनपासून सात मिनिटं" लिहिलेलं असतं, ती सात मिनिटं चढाची असतात. बाबा रोज हॉटेलच्या आधीच्या वळणावर कठड्याला टेकून उभे राहायचे. कुठलंही गाव घ्या, घरमालकाला दोनच गोष्टी विचारा: स्टेशनपासून वाट चढाची आहे का, आणि इमारतीत लिफ्ट आहे का. लाकडी जुन्या घरांत लिफ्ट नसते, आणि देखणी बाल्कनी नेमकी तिसऱ्या मजल्यावर असते.

दुसरं, इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी गाडी त्स्वायल्युचिनेनला दुभंगते. अर्धी लाऊटरब्रुनेनला जाते, अर्धी ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचून बसा. एक डब्बा पुढे, एक डब्बा मागे बसलात तर कुटुंब दोन दऱ्यांत!

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. गारवारा, म्युरेन तुम्ही एका परिच्छेदात उडवलंत, थोडं वाईट वाटलं. एखाद्या दिवसासाठी तरी जमेल का? आणि खाण्याचं कोणी बोललंच नाही. सासूबाई भाजणी, मेतकूट, साजूक तुपाची बरणी आणि हापूसची पेटी घेऊन बसल्या आहेत.

प्रतिसाद: गारवारा

म्युरेनला एक दिवस नक्की जा, आणि सासूबाईंना घेऊनच. लाऊटरब्रुनेनहून केबल कारने ग्र्युचआल्प, तिथून ती छोटी रेल्वे. येताना म्युरेनपासून विंटरएगपर्यंत रुळांच्या कडेकडेने चालत या. हलका उतार आहे, रुंद वाट, आणि पूर्ण वेळ तिन्ही शिखरं समोर. सासूबाईंना उतार जमत नाही, त्यांना म्युरेनलाच गाडीत बसवा, विंटरएगला भेटा. 2024 च्या डिसेंबरपासून त्याच दरीतल्या श्टेखेलबेर्गहून थेट म्युरेनला जाणारी नवी केबल कारही आहे. ती फार तीव्र चढाची आहे, लेकीला आवडेल.

ट्र्युमेलबाख बघा, हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या पोटातून कोसळतं. बर्फ वितळण्याचे दिवस असल्याने जोर असेल. आत लिफ्ट आहे, पण नंतर ओल्या पायऱ्या आहेत, म्हणून आजींनी खालीच थांबावं. मॅन्लिखेन डोंगराची केबल कार वेंगेनहून सुटते. वर मुलांसाठी भली मोठी लाकडी गाय आहे, तिच्यात चढून घसरगुंडीने खाली यायचं. पण ती तुमच्या तारखांना सुरू झालेली असेल का, ते वेळापत्रकात बघून घ्या.

प्रतिसाद: ओसरी

तूप आणि हापूस, दोन्ही घरी ठेवा. युरोपबाहेरून येताना दूध-तुपाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये आणायला बंदी आहे. ताज्या फळांना झाडांच्या आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, आंब्याला सूट नाही. हापूस विमानतळावर कचऱ्याच्या डब्यात गेलेला बघवणार नाही. भाजणी, मेतकूट, पोहे, कोरड्या चटण्या खुशाल न्या. तांदूळ, मसूर डाळ, दही, लोणी तिथल्या कोऑप सुपरमार्केटमध्ये मिळतं, लोणी कढवून तूप करा. पोळ्यांसाठी सपाट बुडाचा तवा न्या, शेगड्या विजेच्या असतात. तिथल्या सॉकेटला षटकोनी खाच असते, जाड गोल युरोपियन प्लग त्यात बसत नाही, बारीक दोन पिनांचा बसतो.

भाड्याच्या घरात शेवटच्या साफसफाईचे आणि पर्यटक-कराचे पैसे बहुतेक वेगळे असतात. स्वस्त दिसणाऱ्या घराचं एकूण बिल आधी मागून घ्या.

धागाकर्ती

हापूसची बातमी घरात सांगितली. तुपापेक्षा तिचाच धक्का मोठा होता.

वेंगेनवर एकमत झालं. नवऱ्याचा विरोध एका वाक्यात मावळला: बॅगा चढवायला एक गाडी जास्त, पण रोजच्या फिरण्यात एक कमी. एक शेवटचं. आम्ही स्विस ट्रॅव्हल पास काढणार, मुलं फॅमिली कार्डावर. युंगफ्राऊयोखचं तिकीट इथूनच काढून टाकू का?

प्रतिसाद: गारवारा

मुलांचं कार्ड पास घेतानाच मागा, सोळा वर्षांखालच्यांना आईवडिलांबरोबर फुकट असतं. पास वेंगेन, म्युरेन, ग्रिंडेलवाल्डपर्यंत पूर्ण चालतो, त्याच्या वर फक्त सवलत.

योखचं तिकीट आत्ता नको. सवलत धरूनही महागडा मामला आहे आणि वर धुकं असलं तर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. सकाळी उठून वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र फोनवर बघायचं, आकाश स्वच्छ असेल तर पहिल्या गाड्यांपैकी एक पकडायची. आठवडाभर तिथेच आहात, एक सकाळ तरी मिळेलच. जागेचं आरक्षण लागणार असलं तर ते आदल्या संध्याकाळी अंदाज बघून करा.

व्हिसासाठी बुकिंग करताना रद्द करता येणारं घर घ्या, आणि कागदावर पाचही जणांची नावं आहेत ना, ते बघा.